दोन इंचांचा समाजवाद

पेडगाव हे नाव उच्चारताच मराठी माणसाला वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण आठवते. ती म्हण भीमेकाठच्या, नगर जिल्ह्यातील पेडगावशी जोडली जाते. प्रस्तुत लेखक ज्या पेडगावचा रहिवासी आहे ते परभणीजवळचे. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक, एवढीच त्याची जगाला असलीच तर ओळख. बहुतेक जलद गाड्या येथे न थांबताच पुढे जातात. डिसेंबर २०२३ मध्ये जालना ते मुंबई अशी सुरू झालेली आणि पुढे नांदेडपर्यंत नेलेली 'वंदे भारत' गाडीही त्याला अपवाद नाही. परभणीच्या शाळा-कचेऱ्यांत जाणारे शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयीन मुले फलाटावर सवारी गाडीची वाट पाहत उभी असतात, आणि त्यांच्या बोलण्याचे विषय बहुधा ठरलेले असतात. पहिला विषय, गाडीला जनरलचे डबे किती आणि त्यांत पाय ठेवायला तरी जागा मिळेल काय? दुसरा विषय, या वर्षी कर्जमाफी होणार की नाही?

हे दोन प्रश्न वरवर पाहता एकमेकांपासून दूरचे. तथापि त्यांचा इतिहास तपासू लागलो की दोन्ही ठिकाणी एकच नाव भेटते. ते नाव प्रा. मधु दंडवते यांचे. १९७७ ते १९७९ या काळात ते देशाचे रेल्वेमंत्री होते, आणि डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० या काळात अर्थमंत्री. द्वितीय वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्याचा निर्णय त्यांचा. शेतकऱ्यांची थकलेली कर्जे देशव्यापी प्रमाणावर माफ करणारी पहिली मोठी योजना संसदेत मांडणारे अर्थमंत्रीही तेच. २०२४ साली त्यांची जन्मशताब्दी येऊन गेली. जन्मशताब्द्या साजऱ्या करण्याची मोठी हौस असलेल्या आपल्या राज्यात तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. दंडवते यांचा साधेपणा, निष्कलंक चारित्र्य, अभ्यासू भाषणे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते यथार्थच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांच्या कारकिर्दीत निराळाच प्रश्न दिसतो. एकाच माणसाने, एकाच श्रद्धेने आणि तेवढ्याच प्रामाणिकपणे केलेल्या या दोन कामांचे फळ इतके भिन्न का निघाले?

वर्गातून सभागृहात

मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. बेचाळीसच्या आंदोलनाने ज्या पिढीला घरातून बाहेर ओढले तिचे ते प्रतिनिधी. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्यांनी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात अध्यापन स्वीकारले. सुमारे पंचवीस वर्षे ते तेथे शिकवीत होते. त्यांच्यासमोर बसलेले अनेक विद्यार्थी हे आपल्या घराण्यातील महाविद्यालयाची पायरी चढलेले पहिलेच होते. ज्याला पुस्तक विकत घेणे परवडत नाही त्याला न्यूटनचे नियम समजावून सांगताना शिक्षक जे शिकतो ते पक्षाच्या अभ्यासवर्गात शिकायला मिळत नाही. दंडवते यांच्या पुढील आयुष्यात मोठ्या तत्त्वाला लहान, मोजता येण्याजोगे रूप देण्याची जी वृत्ती दिसते तिचे मूळ या अध्यापनात असावे, असे मानण्यास जागा आहे.

१९५५ साली गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गेले आणि पोर्तुगीज पोलिसांची मारहाण त्यांनी सोसली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते होते. १९७० साली ते विधान परिषदेवर आले. त्यानंतर जानेवारी १९७१ मध्ये बॅ. नाथ पै यांचे अकाली निधन झाले आणि कोकणातील राजापूर मतदारसंघ पोरका झाला. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या लाटेपुढे भलेभले वाहून गेले. प्रजा समाजवादी पक्षाचे अवघे दोन उमेदवार देशभरातून निवडून आले, आणि त्यांतील एक राजापूरचे दंडवते होते. तेथपासून १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग निवडणुका त्यांनी त्याच मतदारसंघातून जिंकल्या. १९८४ सालच्या लाटेतही राजापूरच्या मतदारांनी आपला खासदार बदलला नाही. ज्या उमेदवाराजवळ साखर कारखाना नाही, दूध संघ नाही, शिक्षणसंस्थांचे जाळे नाही, त्याला वीस वर्षे निवडून देणारा मतदारसंघ महाराष्ट्राच्या राजकारणात अपवादभूतच म्हटला पाहिजे.

गोडेसबर्ग आणि राजापूर

राजापूरचा संबंध युरोपातील सामाजिक लोकशाहीशी जोडणारा दुवाही येथेच सापडतो. वेंगुर्ल्याचे नाथ पै हे इंग्लंडमध्ये शिकत असताना समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत पुढे आले आणि तिचे अध्यक्षही झाले. त्यांच्या पत्नी क्रिस्टल या ऑस्ट्रियाच्या. ज्या काळात नाथ पै युरोपातील तरुण समाजवाद्यांत वावरत होते त्याच काळात तेथील लोकशाही समाजवाद आपल्या जुन्या सिद्धांतांचा हिशेब पुन्हा मांडत होता. १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने बाड गोडेसबर्ग येथे नवा कार्यक्रम स्वीकारला. भांडवलशाहीचा अंत जवळ आला आहे ही भाषा त्याने सोडली. आपण केवळ कामगारवर्गाचा नव्हे तर सर्व जनतेचा पक्ष आहोत, असे जाहीर केले. शक्य तेथे स्पर्धा आणि आवश्यक तेथे नियोजन, असे त्या कार्यक्रमाचे आर्थिक सूत्र होते. विली ब्रांट हे त्या पक्षाचे १९६९ साली चॅन्सेलर झाले. निवृत्तिवेतन, आजारपणातील वेतन, शिक्षण यांविषयीचे कायदे त्या पक्षाच्या राजवटीत विस्तारत गेले. क्रांती झाली नाही. पण कामगाराच्या घरात तिच्याऐवजी काहीतरी निश्चितपणे पोचले.

आपल्याकडील समाजवाद्यांना ही वाट ठाऊक नव्हती असे नाही. मार्क्स आणि गांधी यांचा एकत्र विचार करणारा ग्रंथच दंडवते यांनी लिहिला होता. साधनशुचिता, विकेंद्रीकरण आणि संसदीय मार्ग यांवर त्यांची निष्ठा होती. परंतु जर्मन पक्ष आणि आपला समाजवादी पक्ष यांत एक मूलभूत फरक होता. जर्मन पक्षाची परंपरा १८६३ सालापासूनची. बिस्मार्कची बंदी आणि हिटलरचा छळ सोसूनही ती टिकली. तिच्यामागे कामगार संघटना, वृत्तपत्रे, प्रशिक्षणाच्या संस्था उभ्या होत्या. आपल्याकडे १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. १९४८ साली तो काँग्रेसबाहेर पडला, १९५२ साली विलीनीकरणातून प्रजा समाजवादी पक्ष झाला, १९५५ साली फुटला, १९६४ साली संयुक्त समाजवादी पक्ष निघाला, १९७१ साली पुन्हा एकत्र आला, १९७७ साली जनता पक्षात विरून गेला आणि १९८८ साली जनता दलात. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, मधु लिमये, मृणाल गोरे, आपल्या मराठवाड्याचे बापूसाहेब काळदाते अशी माणसे ज्या प्रवाहाने दिली त्याला स्वतःचे घर मात्र दहा वर्षेही टिकविता आले नाही. परिणामी सत्ता मिळाली तेव्हा ती पक्षाला मिळाली नाही. ती व्यक्तींना मिळाली, आणि तीही थोड्या दिवसांसाठी.

फळीवरचा फोम

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. तेथेच त्यांना अटक झाली. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात आणि ते बंगळूरच्या. १९७७ च्या मार्चमध्ये जनता सरकार आले आणि तुरुंगातून सुटलेला हा प्राध्यापक रेल्वेमंत्री झाला.

त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता तो मे १९७४ च्या संपाचा. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील तो संप वीस दिवस चालला आणि मोडला गेला. हजारो कर्मचारी बडतर्फ झाले होते. दंडवते यांनी त्यांना पुन्हा कामावर घेतले. जे खाते चालवायचे त्यातील माणसांचा अपमान आधी पुसला पाहिजे, ही त्यामागील दृष्टी होती.

दुसरा प्रश्न प्रवाशांचा. रेल्वेतील तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला होता. पण कसा? तिसऱ्या वर्गाच्या डब्यांवर 'द्वितीय' असे लिहिले गेले आणि आतील फळ्या होत्या तशाच राहिल्या. गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या हालांविषयी १९१७ साली लिहिले होते. स्वातंत्र्यानंतर तीस वर्षे लोटली तरी सामान्य माणूस दोन-दोन रात्री लाकडावर आडवा पडूनच प्रवास करीत होता. समाजवादी मंत्र्याने यावर काय करावे? वरच्या वर्गाच्या गाद्या काढून टाकणे हा एक मार्ग होता, आणि टाळ्या मिळविण्यास तो पुरेसा होता. दंडवते यांनी उलट बाजूने विचार केला. वरच्याला खाली आणण्यापेक्षा खालच्याला वर उचलावे, ही त्यांची भूमिका होती, आणि तिचे मोजता येणारे माप दोन इंच हे होते. आरंभी महत्त्वाच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत हा फोम बसला आणि पुढील दहा-बारा वर्षांत तो बहुतेक सर्व शयनयानांत पोचला. तोपर्यंत दंडवते मंत्रिपदावरून केव्हाच गेले होते.

या निर्णयाचे अर्थशास्त्र लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. खर्च डबा बांधताना किंवा दुरुस्त करताना एकदाच होतो. लाभ मात्र त्या डब्याचे आयुष्य संपेपर्यंत रोज रात्री मिळत राहतो. तो घेण्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नाही, दाखला जोडावा लागत नाही, तलाठ्याकडे किंवा पुढाऱ्याकडे जावे लागत नाही. ज्याने तिकीट काढले त्याची पाठ त्या फोमवर टेकते. दुसरे असे की, एकदा बसविलेली गादी काढून घेण्याचे धाडस पुढच्या कोणत्याही मंत्र्याला होत नाही. सुधारणा ही खात्याची रीत बनते. ती कोणी केली हे लोक विसरतात, आणि तेच तिच्या यशाचे प्रमाण होय.

त्याच काळातील दुसरा प्रयोग इतका यशस्वी झाला नाही, हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान 'गीतांजली' ही गाडी सुरू झाली. तिच्यात वर्गभेद नव्हता. सगळे डबे एकाच दर्जाचे. नागपूर, भुसावळमार्गे धावणारी ही गाडी म्हणजे रुळांवरील समतेची घोषणाच होती. पण काही वर्षांत तिला वरच्या वर्गाचे डबे लागले आणि ती इतर गाड्यांसारखी झाली. वर्गविहीन गाडी टिकली नाही, दोन इंच फोम टिकला. गोडेसबर्गचा धडा याहून फारसा वेगळा नाही.

दहा हजारांची माफी

१९८९ च्या अखेरीस विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार आले आणि दंडवते अर्थमंत्री झाले. १९ मार्च १९९० रोजी त्यांनी जे अंदाजपत्रक मांडले त्यात एक निर्णय असा होता, ज्याची आठवण आज फारशी काढली जात नाही. १९६३ पासूनचे सुवर्ण नियंत्रण आणि त्याविषयीचा १९६८ चा कायदा रद्द करण्याचे त्यांनी ठरविले. या नियंत्रणाने सोन्याची हाव कमी झाली नव्हती. तस्करी मात्र फोफावली होती आणि परंपरागत सोनारांचा धंदा बुडाला होता. नियंत्रण हे समाजवादाचे लक्षण आहे, असे मानणाऱ्यांच्या पंक्तीत दंडवते नव्हते. जे नियंत्रण गरीब कारागिराला छळते आणि तस्कराला पोसते ते काढून टाकण्यात त्यांना संकोच वाटला नाही. हा निर्णयही फोमच्या जातीचाच. एकदा झाला, टिकला आणि विसरला गेला.

मात्र त्या अंदाजपत्रकाची ओळख ठरली ती कर्जमाफीमुळे. २ ऑक्टोबर १९८९ रोजी थकीत असलेले, सार्वजनिक क्षेत्रातील व प्रादेशिक ग्रामीण बँकांचे दहा हजार रुपयांपर्यंतचे कर्ज माफ करावे, शेतकऱ्यांबरोबर कारागीर व विणकर यांनाही लाभ मिळावा, जाणूनबुजून कर्ज बुडविणारे वगळावेत, आणि सहकारी संस्थांच्या कर्जासाठी राज्यांना साहाय्य द्यावे, असे तिचे स्वरूप होते. न्यायासाठी हे सांगितले पाहिजे की, ही योजना दंडवते यांच्या एकट्याच्या मनातून निघालेली नव्हती. ते राष्ट्रीय आघाडीचे निवडणुकीतील वचन होते. दुष्काळाने आणि पडलेल्या भावाने पिचलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला श्वास घेण्यास उसंत मिळावी, हा हेतूही शुद्ध होता.

त्या वर्षी प्रस्तुत लेखक शाळकरी वयाचा होता. गावात कर्जमाफीची बातमी आली तेव्हाचा एक प्रसंग मनात राहिला आहे. सोसायटीच्या याद्यांची चर्चा चाललेल्या ओट्याजवळ एक सालगडी उभा होता. साल धरताना मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यातच त्याचे वर्ष जात असे. त्याने विचारले, ''मालक, आमचं काय माफ झालं?'' कोणी हसले, कोणी विषय बदलला. प्रश्न अज्ञानाचा नव्हता. त्याच्या नावावर सातबारा नव्हता, म्हणून बँकेत कर्ज नव्हते, आणि बँकेत कर्ज नव्हते म्हणून माफीही नव्हती. ज्याची पत सर्वांत कमी तो कर्जमाफीच्या कक्षेत येतच नाही, हे अर्थशास्त्राचे तत्त्व पुढे पुस्तकात वाचले. कळले होते ते मात्र त्या ओट्यावर.

कर्जमाफीचे दोष आता सर्वांना पाठ आहेत. सावकाराच्या कर्जाला ती स्पर्श करीत नाही. वेळेवर हप्ता भरणारा शेतकरी आपणच मूर्ख ठरलो असे मानू लागतो. वसुली मंदावली की बँक पुढचे कर्ज देताना हात आखडता घेते आणि गरजू माणूस पुन्हा सावकाराच्या दारी जातो. पण माझ्या मते याहूनही मोठा दोष निराळा आहे. कर्ज ज्या कारणांनी थकले ती कारणे माफीनंतरही तशीच राहतात. कोरडवाहू कापसाला पाणी मिळत नाही, पीकविम्याची भरपाई वेळेवर येत नाही, सोयाबीन घरात आले की भाव उतरतात. त्यामुळे सातबारा कोरा झाला तरी तो कोरा राहत नाही. २००८ साली केंद्राने पुन्हा माफी दिली. २०१७ साली राज्याने दिली आणि २०१९ अखेर पुन्हा दिली. दर वेळी ती देणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापले गेले. फोमच्या निर्णयापाशी कोणाचेच नाव राहिले नाही, याच्याशी हे ताडून पाहावे.

त्या अंदाजपत्रकाला लाभलेला काळही वाईट होता. ऐंशीच्या दशकात सरकारचा खर्च उत्पन्नाच्या पुढे धावत होता. ऑगस्ट १९९० मध्ये आखाती संकट उभे राहिले आणि तेलाचे भाव चढले. नोव्हेंबरात सरकारच पडले. १९९१ च्या मध्यास परकीय चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि देशाला सोने गहाण टाकावे लागले. या साऱ्याचा दोष अकरा महिन्यांच्या अर्थमंत्र्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पण ज्या तिजोरीत आधीच खळगा पडला होता तिच्यावर माफीचा भार टाकताना पुढच्या वर्षाचा विचार पुरेसा झाला नाही, हेही नाकारता येत नाही.

टिकणारे आणि विरणारे

मग फरक कशात आहे? दोन्ही निर्णय गरिबांसाठी होते. दोन्हींत सरकारचा पैसा खर्ची पडला. फरक असा की, एका निर्णयाने व्यवस्थेची रोजची वागणूक बदलली. दुसऱ्याने जुनी थकबाकी पुसली आणि वागणूक तशीच ठेवली. पहिला निर्णय मंत्र्याच्या पश्चात आपोआप चालत राहिला. दुसऱ्याला दर काही वर्षांनी नवा मंत्री, नवी घोषणा आणि नवी यादी लागते.

दंडवते यांच्याच कारकिर्दीत या कसोटीला उतरणारे आणखी उदाहरण आहे. कोकण रेल्वेसाठी त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून ती होईना. ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, जुलै १९९० मध्ये, स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये त्यात भागीदार झाली आणि उरलेला पैसा लोकांकडून रोख्यांच्या रूपाने उभा करण्याचे ठरले. १९९८ साली सुमारे साडेसातशे किलोमीटरचा तो मार्ग पूर्ण खुला झाला. घोषणेपेक्षा रचना महत्त्वाची, हा धडा येथेही दिसतो. ज्या राजापूरसाठी त्यांनी हे केले त्याच राजापुरात १९९१ साली ते पराभूत झाले. गाडी आली तेव्हा ते तेथील खासदार नव्हते.

नंतर १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. विज्ञानाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी ठेवलेले ते शेवटचे साहित्य होते. त्याच वर्षी केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. त्याचे मूळ वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीत होते, आणि कामाचा हक्क हा दंडवते यांच्या पिढीचा जुनाच आग्रह होता. त्या सालगड्याच्या प्रश्नाला कर्जमाफीपेक्षा हे उत्तर अधिक जवळचे होते, कारण ते सातबारा मागत नव्हते.

आजचा हिशेब

ज्या संस्थांमधून दंडवते यांनी काम केले त्यांपैकी अनेक आज नाहीत. नियोजन मंडळ २०१५ साली निती आयोगापुढे मागे पडले. स्वतंत्र रेल्वे अंदाजपत्रकाची प्रथा १९२४ साली, म्हणजे दंडवते यांच्या जन्मवर्षीच सुरू झाली होती. २०१७ पासून ती थांबली. पूर्वी फेब्रुवारीत एक दिवस असा असे की, त्या दिवशी संसद केवळ रेल्वेविषयी ऐकत असे आणि दुसऱ्या दिवशी लहान गावांतील माणसेही आपल्या मार्गाला काय मिळाले ते वर्तमानपत्रांत शोधत. आता रेल्वे हा मोठ्या भाषणातील लहान परिच्छेद आहे. प्रथा बंद होण्याला प्रशासकीय कारणे असतील. परंतु द्वितीय वर्गाच्या प्रवाशाचा वर्षातून एकदा होणारा जाहीर हिशेब त्यामुळे बंद झाला, एवढे खरे.

मराठवाड्याला हा हिशेब अधिक लागू पडतो. निजामाच्या काळात झालेला आमचा मीटरगेज मार्ग रुंद करण्यासाठी गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेला किती वर्षे झगडावे लागले, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. ते रुंदीकरण परभणीपर्यंत पोचायला विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडले. छत्रपती संभाजीनगर ते परभणी दुहेरीकरणाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती २०२५ साली. नव्या वेगवान गाड्या येत आहेत आणि त्यांचे स्वागतच आहे. खालच्याला वर उचलणे हा समाजवाद असेल, तर वरच्याला पुढे जाऊ न देणे हा नव्हे. प्रश्न एवढाच की, त्याच मार्गावर अनारक्षित डब्यात दाराच्या दांडीला लोंबकळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आजचे दोन इंच कोणते?

याचे उत्तर शोधणे अवघड नाही. प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीला साध्या डब्यांची किमान संख्या नियमाने बांधून द्यावी, ती कमी करण्याची मुभा कोणालाही नसावी. सकाळी शाळा-कचेऱ्यांच्या वेळेला परभणीत पोचेल अशी गाडी वेळेवर चालावी. शेतीच्या बाबतीतही हेच. पीकविम्याची भरपाई ठरल्या मुदतीत खात्यावर जमा होणे, सोसायटीचे नवे कर्ज पेरणीपूर्वी हाती पडणे, कूळ आणि बटईदार यांना कर्जाच्या कक्षेत आणणे, या गोष्टी माफीइतक्या आकर्षक नाहीत. त्यांवर कोणाचे छायाचित्र छापले जाणार नाही. पण त्या झाल्या तर दर पाच वर्षांनी माफीची वाट पाहावी लागणार नाही.

मतदार म्हणून आपलाही दोष यात आहे. आपण माफीची घोषणा करणाऱ्याला लक्षात ठेवतो आणि फळीवर फोम घालणाऱ्याला विसरतो. मग राज्यकर्तेही आपल्या स्मरणशक्तीप्रमाणे वागतात. जनरलच्या डब्यातील गर्दी आणि सातबाऱ्यावरील बोजा त्यांना दिसत नाही असे नव्हे. सारे दिसत असूनही ते वेड पांघरून पेडगावला जातात. आमचे म्हणणे एवढेच की, आलाच आहात तर नगरच्या पेडगावला न जाता एकदा परभणीच्या पेडगावला यावे, सकाळच्या सवारी गाडीचे द्वितीय वर्गाचे तिकीट काढावे आणि परभणीपर्यंत आमच्याबरोबर उभ्याने प्रवास करावा.